मैदान आधी, घरे मागून

पालघरहून बोईसरकडे जाताना कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या इमारती लागतात. ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. मुख्यालयाचे उद्घाटन 2021 मध्ये झाले. जमीन मूळची दुग्धविकास विभागाची. सिडकोने कचेऱ्या बांधून द्यायच्या आणि मोबदल्यात मिळालेल्या जमिनीवर नवे शहर वसवायचे, असा हा व्यवहार. त्या शहरात मोकळी जागा कशी राखता येईल, हे समजून घ्यायला मी दादरच्या शिवाजी पार्कवर जाऊ लागलो.

1896 च्या प्लेगने मुंबईला दाटीवाटीचे मोल कळले. 1898 मध्ये सुधार न्यास स्थापन झाला आणि शहर उत्तरेकडे आखीव पसरू लागले. समुद्राजवळचे हे मैदान महापालिकेने 1925 मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून खुले केले. भोवतालची बहुतेक घरे त्यानंतरची. 1927 मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने, त्याला ‘शिवाजी पार्क’ हे नाव मिळाले.

मैदान जेमतेम 28 एकर. पहाटे कट्ट्याभोवती चालणारे, उजाडताच नेटमध्ये क्रिकेट शिकणारी मुले, संध्याकाळी कट्ट्यावर टेकलेले आजी-आजोबा. एकाच जागेचे प्रहरांनुसार वाटे पडतात. सहा डिसेंबरच्या सुमारास चैत्यभूमीवर येणारे हजारो लोक इथेच मुक्काम करतात. तिकीट नाही, ओळख विचारणारे कोणी नाही. कट्ट्याची युक्ती मला विशेष वाटते: तो हद्द दाखवतो, पण अडवत नाही, उलट बसायला जागा देतो.

अशा जागेवर सर्वांचाच हक्क असल्याने भांडणेही होतात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी हे मैदान गाजले. पुढे ध्वनिक्षेपकांना कंटाळलेले रहिवासी न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवले. सभा हव्यात की शांतता, हा वाद घालता येतो, कारण मैदान शाबूत आहे.

भूखंड विकून झाल्यावर उरलेल्या तुकड्याला उद्यान म्हणण्याची रीत आपल्याकडे रुळली आहे. कोळगावात अजून क्रम उलटा करता येईल. नकाशात मैदान आधी आखावे, त्याला नाव द्यावे, भोवती बसता येईल एवढा कट्टा बांधावा. घरांचे भूखंड त्यानंतर पाडावेत.