‘असर’ म्हणजे तुमच्या शाळेचा निकाल नव्हे

जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समितीवरच्या पालकांशी बोलताना एक वाक्य सारखं कानावर येतं : ‘मुलांना काय येतं ते तपासायला बाहेरची माणसं येतात की! समितीनं त्यात कशाला पडायचं?’ ‘असर’चा अहवाल छापून आला की त्याचीच दुसरी बाजू ऐकू येते : ‘बघा, झेडपीच्या पोरांना वाचताही येत नाही.’ दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच. बाहेरचं सर्वेक्षण म्हणजे आपल्या शाळेची तपासणी, असं लोक धरून चालतात. ते तसं नाही, आणि कितीदा सांगितलं तरी हे डोक्यात शिरत नाही याचा आता त्रास होतो, कारण त्यापायी मुलांची वर्षं हातची जातात.

‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. त्यातली मुलांची चाचणी शाळेत नाही, घरी होते. ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं नमुना म्हणून निवडतात; म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातली ६०० घरं. त्या घरातलं ५ ते १६ वयाचं मूल झेडपीत जात असो, खासगी शाळेत जात असो की कुठेच जात नसो, त्याची चाचणी होते. मुलासमोर एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथवर नीट वाचतं, ती त्याची पातळी. एका वेळी एकच मूल, सगळं तोंडी, काही मिनिटांचं काम. यातून देश, राज्य आणि जिल्हा यांचं चित्र मिळतं. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी तिसरीतली मुलं ग्रामीण भारतात २०१८ साली २७.३ टक्के होती, २०२२ साली २०.५ आणि २०२४ साली २७.१. कोविडकाळात शाळा बंद राहिल्यानं झालेलं नुकसान आणि नंतरची भरपाई या आकड्यांत स्पष्ट दिसते. पण तुमच्या तिसरीच्या वर्गातली किती मुलं ती गोष्ट वाचतात, हे त्यात कुठेही नाही.

सरकारी सर्वेक्षणाचंही तेच. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेलं ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ तिसरी, सहावी आणि नववीचं होतं. त्यात ७४,२२९ शाळा होत्या. देशात शाळा आहेत १४ लाखांहून जास्त. म्हणजे तुमची शाळा त्यात नसण्याचीच शक्यता मोठी. असली, तरी कोणत्या मुलाला काय आलं नाही हे तुम्हाला कळवणं हा त्याचा उद्देशच नाही. (हे सर्वेक्षण फक्त सरकारी शाळांचं असतं, हाही गैरसमजच, त्यात खासगी शाळाही असतात.) महाराष्ट्रात पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात, त्यांच्या प्रश्नपत्रिका राज्यस्तरावरून येतात हे खरं, पण पेपर तपासतात ते शाळेतलेच शिक्षक. त्यांना बाहेरची तपासणी म्हणता येत नाही.

मग आपल्या शाळेकडे बघायचं कोणी? शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये याचं उत्तर आहे. कलम २१ नुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि समितीचं पहिलं काम शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं हे आहे. अनुदानाचा हिशेब त्यानंतर येतो. कलम २४ तर शिक्षकावरच जबाबदारी टाकतं : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखायची, गरज असेल तिथे जादा शिकवायचं आणि पालकांच्या बैठका घेऊन मुलाची प्रगती सांगायची. तेव्हा ‘तिसरीत मुलं किती, त्यातली गोष्ट वाचणारी किती, बाकीच्यांसाठी काय चाललंय?’ हा प्रश्न मासिक सभेत विचारणं म्हणजे गुरुजींच्या कामात नाक खुपसणं नव्हे. अनेक समित्यांच्या इतिवृत्तात पोषण आहार, गणवेश, रंगरंगोटी, गळकं छप्पर एवढेच विषय दिसतात. ते विषय हवेतच. पण मुलांच्या वाचनाचा ठराव वर्षभरात एकदाही नसावा, हे मला मान्य नाही.

‘आम्ही अंगठेबहाद्दर, आम्हाला काय कळणार?’ असं काही आया म्हणतात. ‘असर’ची चाचणी घेणारे पुष्कळ जण गावागावांतून आलेले कॉलेजचे विद्यार्थीच असतात. गावातल्या बारावी झालेल्या मुलीला तोच कागद देता येतो. आईनं शेजारी बसून ऐकायचं. गुरुजींना सोबत घ्यायचं, कारण त्यांना पकडायला हे करायचं नसतं. कोणतं मूल कुठे अडलंय ते सगळ्यांना एकदम कळावं, एवढ्यासाठी ते असतं.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात. समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक नसतात; ते सदस्य-सचिव असतात आणि अध्यक्ष पालकांमधून निवडतात. सरपंच आपोआप अध्यक्ष होत नाहीत. शिष्यवृत्तीत शाळेची चार मुलं चमकली याचा फलक लागतो, त्याचा आनंद आहेच, पण वर्गातल्या बाकीच्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. ‘आठवीपर्यंत परीक्षाच नाही’ हे कधीच खरं नव्हतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन कायद्यात सुरुवातीपासून आहे आणि २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षाही आहे. समिती शिक्षकाला काढू शकत नाही, तो अधिकार नेमणूक करणाऱ्या यंत्रणेचा. आणि विनाअनुदानित खासगी शाळांना कलम २१ ची ही समिती लागू नाही, तेव्हा तिथल्या पालकांनी त्या कलमाचा हवाला देऊन उपयोग नाही.