सहाशे किलोमीटर आणि हृदयाचे चार तास

नागपूर ते पुणे हे हवाई अंतर सरळ रेषेत साधारण ६०० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर शाळेतल्या गणिताने प्रवास पाऊण तासाचा. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास असतो. एरवी या फरकाचे कोणाला काही वाटत नाही. पण त्या विमानात बर्फाच्या पेटीतून कुणासाठी हृदय निघाले असेल, तर गोष्ट वेगळी.

हा वेळ जातो कुठे? वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांग, उतरल्यावर पुन्हा तेच. शिवाय विमान ३५ हजार फुटांवरून उतरायला सुमारे १९० किलोमीटर आधीपासून सुरुवात करते आणि चढतानाही जवळपास तेवढेच अंतर खाते. म्हणजे ६०० पैकी पूर्ण वेगाने कापायला उरतात जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर! हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचे वारे जोरात असतात, त्यामुळे पुण्याकडे येताना वारा समोरून लागतो आणि काही मिनिटे आणखी वाढतात.

आता हृदयाचे घड्याळ पाहू. मेंदूमृत दात्याच्या महाधमनीला चिमटा लावला की हृदयाचा रक्तपुरवठा थांबतो आणि घड्याळ सुरू होते. हृदय थंड द्रावणात, बर्फात ठेवले की पेशींची भूक खूप कमी होते. संपत मात्र नाही. मूत्रपिंड असे २४ तास आणि त्याहूनही अधिक टिकते, यकृत साधारण १२ तास, फुप्फुस सहा आणि हृदय अवघे चार. हे चार तास नव्या शरीरात रक्त पुन्हा वाहू लागेपर्यंतचे आहेत, विमानतळापर्यंतचे नव्हेत.

हृदय काढून पेटीत ठेवायला अर्धा तास, दोन्ही शहरांत ग्रीन कॉरिडॉर असूनही रस्त्यावर वीस-वीस मिनिटे आणि जोडायला तासभर धरा. उरतात ११० मिनिटे. त्यातून विमानाचे ७५ ते ९० वजा केले, की हाताशी वीस ते पस्तीस मिनिटे. रस्त्याने हेच अंतर सातशेच्या आसपास. यकृताला कसेबसे जमेल, हृदयाला नाही.

म्हणून वेगापेक्षा विमान हवे तेव्हा निघणे जास्त मोलाचे. ताशी ५०० किलोमीटरने जाणारे छोटे पंख्याचे विमान जेटपेक्षा अर्धा तास उशिरा पोहोचेल, पण ते शस्त्रक्रियागृहाच्या वेळेवर निघते. प्रवासी विमानासाठी शस्त्रक्रियाच मागेपुढे करावी लागते. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. विभागाबाहेर अवयव देताना गरजूंच्या यादीइतकेच विमानांचे वेळापत्रकही समोर ठेवावे लागते. अशा वेळेसाठी छोट्या विमानाची कायमची सोय सरकारने करावी, असे माझे मत आहे. खर्च मोठा आहे, हे मान्य.

दात्याचे नातेवाईक बाहेर ताटकळत असतात. होकार दिला, तरी शस्त्रक्रिया पहाटेपर्यंत का लांबली, हे त्यांना कळत नाही. अनेकदा डॉक्टर तयार असतात आणि पहिले विमान सकाळचे असते. समन्वयकाने हे त्यांना होकार घेतानाच सांगावे.