सिंगापुरांतील आठवडा

आपल्यांपैकीं पुष्कळ घरांतील मुलगे व सुना आज नोकरीनिमित्त सिंगापुरांत राहतात. त्यांच्याकडून छायाचित्रें नियमानें येतात. त्यांत उंच इमारती असतात, फुलबागा असतात, समुद्रकिनारीं काढलेले हसरे चेहरे असतात. परंतु तेथें रोज भाजी कोठून येते, पोळी कोण लाटतें आणि सुट्टीचा दिवस खरोखर कोणाच्या वांट्याला येतो, हें त्या छायाचित्रांत कांहीं दिसत नाहीं. चिरंजीवांकडे दोन वेळां मिळून पांच महिने राहण्याचा योग आम्हांस आला. तेवढ्या अवधींत जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवतों.

हें बेट विषुववृत्तापासून अवघ्या सव्वा अंशावर आहे. दिवस वर्षभर बारा तासांचा, फरक पडलाच तर नऊ-दहा मिनिटांचा. दुपारीं एकतीस-बत्तीस अंश उष्मा, रात्रीं पंचवीस. आणि पाऊस कोणत्याही महिन्यांत. आम्हीं आयुष्यभर ज्या 'ऋतुसंहारा'चे सर्ग मुलांना शिकविले, त्याच्या कर्त्याला येथें एका सर्गापुढें लेखणी चालविण्याचें कारण पडलें नसतें. हिंवाळा नाहीं म्हणून हुरडा नाहीं, आणि उन्हाळा वेगळा नाहीं म्हणून पापड-कुरडयांचे दिवसही नाहींत. आंबा मिळतो, पण तो बाराही महिने मिळत असल्यामुळें त्याची वाट पाहण्यांतील गोडी जाते. ऋतूंनीं वर्षाचे भाग पाडले नाहींत म्हणजे माणूस आठवड्यानें काळ मोजूं लागतो. तेथील मुलें "आषाढांत जाऊं" असें म्हणत नाहींत. "येत्या शनिवारीं" म्हणतात. मलायी भाषेंत आठवड्याला 'मिंग्गू' म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीजांच्या 'दोमिंगो'वरून, म्हणजे रविवारावरूनच, आलेला आहे.

पंचांगाची गोष्ट आमच्या पिढीच्या वाचकांसाठीं थोडी विस्तारानें सांगतों. १९८२ सालापासून तेथील घड्याळ आपल्यापुढें अडीच तास आहे. सूर्य साधारण सातला उगवतो, म्हणजे आपल्याकडे तेव्हां पहाटेचे साडेचार झालेले असतात. पुण्याच्या सूर्योदयाआधीं दीड ते अडीच तास तेथील सूर्योदय होतो. आणि तिथि सूर्योदयावरून धरावयाची असल्यानें एखादी एकादशी तेथें आपल्याहून निराळ्या दिवशीं येऊं शकते. पुण्याचें पंचांग भिंतीला टांगून भागत नाहीं. संकष्टीचा चंद्रोदयही त्याच नगराचा घ्यावा लागतो. शिवाय ढग असतातच. सूनबाई घड्याळांत वेळ पाहून, ढगांना नमस्कार करून उपास सोडी. आम्हीं त्यांत कांहीं गैर मानलें नाहीं.

आतां अन्नाकडे वळूं. पूर्वीं रस्त्यावर हातगाडीवर पदार्थ विकणाऱ्यांना सरकारनें १९७१ ते १९८६ या काळांत खास इमारती बांधून छपराखालीं आणलें. आज असे शंभरांहून अधिक खाद्यबाजार आहेत, आणि २०२० सालीं युनेस्कोनें या खाद्यसंस्कृतीला जागतिक वारशाच्या अमूर्त यादींत स्थान दिलें. एका छताखालीं चिनी, मलायी व तमिळ चुली शेजारीं शेजारीं पेटलेल्या असतात. मोठे अधिकारी आणि झाडूवाले एकाच बाकावर बसतात, आणि जेवणानंतर ज्यानें त्यानें आपलें ताट उचलून ठेवावयाचें, असा २०२१ पासून दंडाचा नियम आहे. आमच्या सोंवळ्या वाड्यांत हा नियम दंडावांचून कधीं लागू झाला असता कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

कॉफीला 'कोपी' म्हणतात. ती घट्ट गोड दुधाची येते. 'कोपी-ओ' म्हटलें कीं दूध वगळून साखरेची, आणि पुढें 'कोसोंग' जोडलें कीं साखरही नाहीं. कोसोंग म्हणजे रिकामें. शाकाहारी मनुष्यानें मात्र सावध असावें. हिरव्यागार दिसणाऱ्या कांगकोंगच्या भाजींत कोळंबीची आंबवलेली चटणी असते, आणि शेवयांच्या पातळ रश्शाचा पाया बहुधा हाडांचा असतो. यावर उपाय चिनी शाकाहारी दुकानांचा. चिनी बौद्धांपैकीं पुष्कळजण चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशीं मांस वर्ज्य करतात, आणि त्यांच्या कडक शाकाहारांत कांदा-लसूणही चालत नाहीं. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींना परमुलखांत नियमबंधु भेटले! फक्त गव्हाच्या सत्त्वाचे आणि सोयाबीनचे जे नकली मांसाचे तुकडे तेथें वाढतात, त्यांच्याकडे त्यांनीं शेवटपर्यंत पाहिलें नाहीं.

संस्कृत शिकलेल्याला मलायी पाट्या वाचण्यांत निराळाच आनंद मिळतो. भाषा म्हणजे 'बहासा', नवरा म्हणजे 'सुआमी', साखर म्हणजे 'गुला', आणि रोजाला 'पुआसा', म्हणजे आपला उपवास. रमझान ईदेची सरकारी सुट्टी 'हरि राया पुआसा' या नांवानें येते. नगराचें नांव तर सिंहपुर आहेच.

घरची चूल मात्र बहुतेक घरांतून निम्मी विझलेली असते. दोघेंही नोकरीवर जातात. सेरंगून मार्गावरील टेक्का बाजारांत कढीलिंब, शेवग्याच्या शेंगा, केळीचीं पानें, ताजा खवलेला नारळ सारें मिळतें. तमिळ विक्रेत्यांची ही कृपा. गोडा मसाला व भाजणी पुण्याहून नेलेली बरी. पण साहित्य असलें तरी हात हवेत. आणि हे हात पुष्कळ घरांत इंडोनेशिया, फिलिपाइन्स किंवा म्यानमार येथून आलेल्या बाईचे असतात. चिरंजीवांकडे असलेली जावा बेटावरची बाई सहा महिन्यांत आमटीची फोडणी शिकली होती, आणि पोळीही आमच्या घरच्यासारखी लाटी.

शनिवारच्या सहली म्हणाल तर बेट लहान असूनही कमी नाहींत. १८५९ सालच्या वनस्पति-उद्यानांत जरूर जावें. ब्राझीलचें रबराचें झाड १८७७ सालीं रोपांच्या रूपानें येथें पोंचलें, आणि पुढें या उद्यानाचे प्रमुख रिडले यांनीं झाडाला इजा न होतां चीक काढण्याची रीत बसविली. मलायांतील मळ्यांचा, आणि त्यांवर राबण्यास नेलेल्या तमिळ मजुरांचा इतिहास पुढें याच रबरावर उभा राहिला. चांगीच्या धक्क्यावरून पुलाऊ उबिन बेटाला लहान होडी जाते. बारा उतारू जमल्यावांचून ती सुटत नाहीं. तेथें भाड्याची सायकल घेऊन पोरें दगडांच्या जुन्या खाणी पाहतात, आम्ही खारफुटींतील लांकडी वाटेनें सावकाश हिंडलों. १९२४ सालीं खुल्या झालेल्या बांधावरून जोहोरला, आणि पुढें मलाक्क्यालाही जातां येतें. पण शुक्रवारीं सायंकाळीं त्या बांधावर गाड्यांची जी रांग लागते, ती पाहून आम्हीं मलाक्क्याचा बेत सोडला.

आणि आतां त्या जावाच्या बाईचा रविवार. पूर्वीं अशा स्त्रियांना आठवड्याची सुट्टी देणें मालकाच्या मर्जीवर होतें. १ जानेवारी २०१३ पासून नव्या करारांत ती बंधनकारक झाली, परंतु पैसे देऊन सुट्टी विकत घेण्याची मुभा राहिली. २०२३ पासून महिन्यांतून निदान एक दिवस तरी पैशानें विकत घेतां येत नाहीं. चिरंजीवांच्या घरीं ती दर रविवारीं आठला, केसांत फूल खोंचून, मैत्रिणींकडे जाई, आणि त्या दिवशीं चिरंजीव पिठलें-भात करीत. पिठल्यांत गुठळ्या होत, तरी सर्वजण मुकाट्यानें जेवत. आमच्या वाड्यांत चाळीस वर्षांत स्वयंपाकघराला असा एक रविवार मिळाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. सौभाग्यवतींनीं हें पाहिलें, आणि परत आल्यावर एके दिवशीं विषय काढला. तो विषय अजून घरांत चालू आहे.

ज्यांनीं त्या उंच इमारती बांधल्या त्या तमिळ व बांगलादेशी मजुरांचें अन्न आम्ही विसरूं शकत नाहीं. त्यांचीं वसतिगृहें शहराच्या कडेला आहेत. त्यांपैकीं पुष्कळांचें दुपारचें जेवण रात्रींच शिजतें, पहाटे पिशवींत भरून कामावर पोंचतें, आणि त्या उष्म्यांत दुपारपर्यंत तसेंच पडून राहतें. गीतेंत प्रहर उलटून गेलेलें अन्न तामसांना प्रिय असल्याचें सांगितलें आहे. आम्हीं तो श्लोक वर्गांत कित्येक वेळां लावून दाखविला. पण ज्याला तें अन्न प्रिय नसून निरुपायानें खावें लागतें, त्याची गणना कोठें करावी, हें टीकेंत कोठें वाचल्याचें आठवत नाहीं. २०२० च्या एप्रिलांत कोविडच्या सांथींत तीन लाखांहून अधिक कामगार याच वसतिगृहांतून अडकून पडले, तेव्हां कोठें त्यांच्या खोल्यांकडे व डब्यांकडे सर्वांचें लक्ष गेलें.

रविवारीं हे लोक सेरंगून मार्गावर लोटतात. घरीं पैसे पाठवितात, फोनवर मुलांशीं बोलतात, केस कापून घेतात. एका खाणावळींत आमच्या समोरच्या बाकावर तंजावरकडचा एक तरुण बसला होता. वाढप्यानें पानावर वाफाळलेला भात घातला. त्यानें क्षणभर त्यावर नुसता तळहात धरला, आणि मग सांबार मागितलें.