डोळ्याचा दाब मोजून घ्या, काचबिंदू वेळीच ओळखा

आपल्या वस्तीत वयस्कर माणसाला अंधुक दिसू लागले की घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल, पिकू दे, शिबिर लागलं की काढू." बऱ्याचदा तो मोतीबिंदूच असतो आणि ऑपरेशननंतर नजर परत येते. पण काचबिंदू असेल, तर वाट पाहण्यातच डोळा जातो. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते. म्हणून हे दोन आजार वेगळे आहेत, हे घरातल्या सर्वांना माहीत हवे.

दाब का वाढतो?

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ पाणी सतत तयार होते आणि बारीक जाळीतून बाहेर जाते. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. मोरी तुंबावी तशी ही वाट अडली की डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. आधी बाजूचे दिसणे कमी होते. समोरचे नीट दिसत असल्याने माणसाला पत्ता लागत नाही. दुखतही नाही. या दाबाचा बी.पी.शी गोंधळ करू नका, बी.पी. नॉर्मल असला तरी डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो.

तपासणी कशी होते?

काही ठिकाणी यंत्रातून डोळ्यावर हवेची हलकी फुंकर मारतात. काही ठिकाणी डोळा बधिर करणारा थेंब टाकून छोटे उपकरण बुबुळाला टेकवतात. दोन्हीला काही मिनिटे लागतात आणि दुखत नाही. साधारण १० ते २१ हा आकडा नॉर्मल मानतात. मात्र दाब नॉर्मल असूनही काहींना काचबिंदू होतो. त्यामुळे डॉक्टरांनी आतली नसही पाहायला हवी. शंका आली तर बाजूची नजर मोजणारी तपासणी करतात.

कोणी करून घ्यावी?

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, मधुमेह असेल, किंवा स्टिरॉइडचे थेंब वा गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील, तर टाळाटाळ नकोच. डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून मनाने थेंब आणून महिनोन्‌महिने टाकू नका.

एकाएकी डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, डोके ठणकले, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर पित्त समजून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माढ्यात आधी ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. तिथे सोय झाली नाही, तर सोलापूरच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातील, म्हणजे सिव्हिलमधील, नेत्र विभागात जा.

काचबिंदू निघाला तर थेंब रोज, ठरल्या वेळी टाकावे लागतात. "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केले की दाब पुन्हा चढतो, आणि ते कळतही नाही. बाटली संपण्याआधी दुसरी आणून ठेवा.

आमचे एवढेच सांगणे आहे : विहारात किंवा शाळेत नेत्र शिबिर लागले, तर चष्म्याचा नंबर काढून लगेच उठू नका. "डॉक्टर, माझ्या डोळ्याचा दाब किती आहे? नस पाहिली का?" असे विचारा. दोन्ही डोळ्यांचे आकडे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.