अंगण झाडणारी म्हातारी आणि इतिहास लिहिणारा कवी



सकाळी उठल्यावर आपण सगळ्यात आधी काय करतो? अंगण झाडतो. काल झाडलं होतं, उद्याही झाडायचं आहे. या कामाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. पण दूरदेशीच्या एका माणसानं अंगण झाडणाऱ्या एका म्हातारीकडे पाहिलं आणि त्याला त्यात आपल्या समाजाचा सगळा इतिहास दिसला. आज आम्ही त्याचीच ओळख करून देणार आहोत. त्यांचं नाव कामाउ ब्रॅथवेट. ते इतिहासाचे अभ्यासक होते आणि कवीही होते.

क्रिकेटमुळे वेस्ट इंडीज हे नाव आपल्या घरातल्या पोरांना ठाऊक असतं. हा एक देश नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मध्ये कॅरिबियन समुद्राच्या बाजूला अनेक बेटं आहेत, त्यांचं हे नाव. त्यातलं बार्बाडोस हे जेमतेम 34 किलोमीटर लांबीचं बेट. ब्रॅथवेट यांचा जन्म तिथंच 1930 साली झाला.

इंग्रज 1627 साली या बेटावर राहायला आले. पुढे त्यांनी तिथं ऊस लावला आणि राबायला आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणली. ऊस म्हटलं की आपल्याला कोयता आठवतो, टोळी आठवते. आपल्याकडच्या ऊसतोडीचे हाल आपल्याला माहीत आहेत. पण त्या माणसांना उचलही नव्हती, मजुरीही नव्हती आणि हंगाम संपल्यावर घरी परतणंही नव्हतं. ती गुलाम होती. मळ्याच्या हिशेबात गुरांची मोजदाद व्हायची तशी माणसांचीही व्हायची, नावापुढे किंमत लिहून. 1834 साली गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी पूर्ण सुटका व्हायला 1838 उजाडलं.

आता विचार करा. त्या काळाचे कागद कुणी लिहिले? मालकांनी. मग राबणाऱ्या बाईला काय वाटत होतं, ती लेकराला काय गाऊन झोपवत होती, मयताला काय विधी करत होती, हे कसं कळणार?

ब्रॅथवेट शाळेत गेले तेव्हा राज्य इंग्रजांचंच होतं. मुलांना इंग्लंडच्या राजांचा इतिहास पाठ करावा लागे. पुस्तकांत इंग्लंडची फुलं आणि इंग्लंडचा बर्फ. बेटावर बर्फ कधीच पडत नाही. तिथं येतात ती घरांची छपरं उडवणारी वादळं. पण मुलांना बर्फाचं वर्णन जमे, वादळाचं जमत नसे. कारण बर्फासाठी पुस्तकातले शब्द तयार होते. वादळासाठी जे शब्द आजीच्या तोंडी होते, ते शाळेत चालत नसत.

हुशार असल्यामुळे ते शिष्यवृत्तीवर इंग्लंडला केंब्रिजला गेले. 1953 साली इतिहासाची पदवी घेतली. मग 1955 ते 1962 पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात शिक्षण खात्यात काम केलं. तिथल्या खेड्यांतले ढोल, पूर्वजांच्या नावानं जमिनीवर पाणी सोडणं, बोलण्याची लय, हे सगळं त्यांना ओळखीचं वाटू लागलं. बार्बाडोसमध्ये शिकलेली माणसं ज्याला अडाण्यांचं म्हणून नाक मुरडत, त्याचं मूळ इथं होतं. जहाजातून माणसं रिकाम्या हातांनी आली होती, पण रिकाम्या मनानं आली नव्हती.

पुढे ते जमैका बेटावर विद्यापीठात इतिहास शिकवू लागले. 1971 साली त्यांचा जमैकाच्या समाजावरचा मोठा ग्रंथ निघाला. 1770 ते 1820 या पन्नास वर्षांत मळ्यावर राहणारे लोक कसे जगत होते, हे त्यात आहे. कागद मालकांचेच होते, पण ब्रॅथवेट यांनी ते वेगळ्या नजरेनं वाचले. जन्म, बारसं, गाणी, कपडे, जेवण, अंत्यविधी यांच्याबद्दल जिथं जिथं ओळ सापडली, ती त्यांनी वेचली. धान्य निवडताना आपण खडा बाजूला काढतो. त्यांनी उलट केलं. इतरांनी खडे म्हणून टाकलेलं त्यांनी दाणे म्हणून गोळा केलं.

जे इतिहासात मावलं नाही, ते त्यांनी कवितेत आणलं. 1967, 1968 आणि 1969 अशी ओळीनं तीन वर्षं त्यांची तीन पुस्तकं आली. आफ्रिकेतून बेटांवर आणि बेटांवरून पुन्हा कामासाठी परदेशी, अशी आपल्या लोकांची सगळी वाटचाल त्यांत आहे. 1977 साली त्यांनी आईवर आणि बार्बाडोसवर मिळून एक दीर्घ कविता लिहिली. हे बेट चुनखडीचं आहे. पावसाचं पाणी वर साचत नाही, खडकात मुरतं आणि खालून मिळतं. तसंच तिथल्या बायकांचं शहाणपण. वरून दिसत नाही, पण घर त्यावरच चालतं.

मैत्रिणींनो, ब्रॅथवेट यांचं सगळ्यात मोठं सांगणं भाषेबद्दल आहे. बेटांवरचे लोक जी इंग्रजी बोलतात, तिचे बरेच शब्द इंग्रजी, पण लय, हेल आणि बोलण्याची मोड आफ्रिकेची. तिला लोक बिघडलेली इंग्रजी म्हणत. ब्रॅथवेट म्हणाले, ही बिघडलेली नाही, ही आमची घडलेली भाषा आहे. तिला त्यांनी नाव दिलं नेशन लँग्वेज, म्हणजे आपल्या समाजाची स्वतःची भाषा. यावरचं त्यांचं पुस्तक 1984 साली आलं.

या गोष्टीत रेडिओचाही वाटा आहे बरं का! उना मार्सन नावाच्या जमैकाच्या कवयित्रीनं 1943 साली लंडनच्या बीबीसी रेडिओवर बेटांवरच्या लेखकांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. पुढे ब्रॅथवेट यांच्या कविताही त्यावर वाचल्या गेल्या. त्या काळी रेडिओवर साहेबी थाटाचीच इंग्रजी ऐकू येई. पण जॉन आर्लट नावाचे क्रिकेटचे समालोचक आपल्या गावाकडच्या ढंगात बोलत. ते ऐकून ब्रॅथवेट यांना वाटलं, इंग्लंडचा माणूस त्याच्या गावच्या बोलीत रेडिओवर बोलू शकतो, मग आम्ही आमच्या बोलीत का नाही? जमैकाच्या लुईस बेनेट, लोक त्यांना मिस लू म्हणत, बाजारातल्या बायकांच्या बोलीत कविता करत. लोक त्यांच्यावर जीव टाकत, पण पंडित मंडळी त्याला बरीच वर्षं कविता मानायला तयार नव्हती. ब्रॅथवेट यांनी त्यांचा मान त्यांना दिला.

बायकांच्या इतिहासाकडेही त्यांचं लक्ष होतं. अठराव्या शतकात जमैकाच्या डोंगरात पळून गेलेल्या गुलामांची एक पुढारी होती, नॅनी. ती इंग्रजी फौजेशी लढली. इंग्रजांच्या कागदांत तिच्याबद्दल चार ओळी, पण डोंगरातल्या तिच्या लोकांच्या तोंडी तिच्या कितीतरी गोष्टी. त्यांनी तिच्यावर संशोधन करून लिहिलं. आज ती जमैकाची राष्ट्रीय वीर आहे. तिथल्या नोटेवर तिचं चित्र आहे.

आता त्या म्हातारीकडे येऊ. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर ब्रॅथवेट मुक्कामाला होते. रोज सकाळी एक गरीब म्हातारी घरापुढची वाळू झाडताना दिसे. समुद्राकाठी सगळीकडे वाळूच, मग वाळूतली वाळू झाडून काय मिळतं? एके सकाळी समुद्रावर ऊन चमकत होतं. त्या उजेडात त्यांना वाटलं, हिचे पाय वाळूवर नाहीत, पाण्यावर आहेत. ही आफ्रिकेतून समुद्रावरून चालत आली आहे आणि अजून चालतेच आहे. रोजच्या झाडण्यानं तिनं ते घर उभं ठेवलं आहे. लाटेसारखं पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. आपल्या लोकांचा इतिहास असाच चालतो, असं ते पुढे सांगू लागले.

या माणसानं सोसलंही खूप. त्यांची बायको डोरिस त्यांच्या सगळ्या लिखाणाची यादी ठेवत असे. कोणती कविता कधी, कुठे छापली, हे तिनं नोंदलं होतं. 1986 साली ती गेली. दोन वर्षांनी, 1988 साली, जमैकावर मोठं वादळ आलं आणि डोंगरातलं त्यांचं घर पुस्तकं, कागद, ध्वनिफिती यांच्यासह चिखलात गेलं. आयुष्यभर जमवलेले आवाज गेले. तरी ते लिहीत राहिले. 2020 साली बार्बाडोसमध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांचं पहिलं नाव लॉसन एडवर्ड. कामाउ हे नाव त्यांना केनियात गूगी वा थिओंगो या लेखकाच्या आजीनं दिलं. एका आजीनं दिलेलं नाव त्यांनी शेवटपर्यंत लावलं.

मग याचा अर्थ मुलांनी शाळेची भाषा शिकू नये का? तसं मुळीच नाही. ब्रॅथवेट स्वतः इंग्रजीत शिकले, इंग्रजीतच लिहीत होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की नवी भाषा घेताना घरच्या भाषेची लाज धरू नका.

आमच्याकडे रेडिओवर बोलायला येणाऱ्या कितीतरी जणी आधी म्हणतात, “ताई, मला शुद्ध बोलता येत नाही हो.” त्यांना आमचं सांगणं, तुम्ही बोलता तसंच बोला. आणि एक काम करा. पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्क बाईला बोलतं करा. तिचं लग्न, दुष्काळ, जात्यावरच्या ओव्या, आता कुणी वापरत नाही असे शब्द, जे सांगेल ते तिच्याच बोलीत वहीत उतरवा. मोबाईलवर आवाजही घ्या. आणि वादळात गेलेले ते कागद लक्षात ठेवून एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

उद्या सकाळी अंगण झाडाल तेव्हा त्या म्हातारीची आठवण काढा. नमस्कार!