तुरळक म्हणजे किती?

संध्याकाळी रोह्याहून मामाचा फोन आला. "अगं, तुरळक म्हणतायत. उद्या लावणी उरकून घेतो."

माझ्यासमोर मोबाइलवर हवामान खात्याच्या मुंबई केंद्राची पोस्ट उघडीच होती. नकाशात रोह्याचा रायगड जिल्हा नारिंगी आणि शेजारी ओळ : तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार. मामा पहिल्या शब्दावरच थांबला होता.

त्याचं तरी काय चुकलं? तुरळक गर्दी, तुरळक केस, तुरळक सरी, म्हणजे थोडंसं, विरळ. पण या ओळीत तो शब्द पावसाच्या जोराविषयी काहीच सांगत नाही, फक्त जागेविषयी सांगतो. एखाद्या भागातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी फार तर 25 ठिकाणी, एवढाच त्याचा अर्थ. त्या ठिकाणी पडणारा पाऊस मात्र अतिमुसळधार, म्हणजे चोवीस तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर असू शकतो. एका गावात भुरभुर, पलीकडच्या गावात बांध फुटलेले.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला सुमारे 73. एकाच शहरातल्या या दोन वेधशाळा. एवढा पाऊस पाडणारा ढग नेमका कुठे उभा राहील हे आदल्या दिवशी गावाच्या नावानिशी सांगता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ 'तुरळक' लिहितात. तो त्यांचा प्रामाणिकपणा आहे, आणि लोकांपर्यंत पोचताना नेमका तोच हरवतो याचं मला फार वाईट वाटतं.

गेले चार पावसाळे मी हवामान खात्याच्या या पोस्ट रोज वाचते. सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचे आकडे येतात. हवामानाचा दिवस साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्यामुळे 'आज'च्या इशाऱ्यात उद्याची पहाटही असते, हे मला फार उशिरा कळलं. दुपारी पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार तक्ता. पाऊस चढला की तीन तासांपुरता इशारा, त्यात जिल्ह्यांची नावं, आणि सोबत रडारचं चित्र. हवामान खात्याचे शास्त्रज्ञ कृष्णानंद होसाळीकर मुंबईत असताना स्वतःच्या खात्यावरून उपग्रहाची आणि रडारची चित्रं टाकत. ढग सरकताना बघायची सवय माझ्यासारख्या कित्येकांना त्यातूनच लागली.

रंगांचा घोळ वेगळाच. इशाऱ्यातला पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. माणसाने काय करायचं ते हे रंग सांगतात. रडारच्या चित्रातही लाल असतो, पण तो थेंबांवरून परत आलेल्या लहरींचा जोर दाखवतो. दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर, एकाखाली एक येतात. पोस्टखाली लोक विचारतात, "उद्या शाळेला सुट्टी का?" सुट्टी जाहीर करणं जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पालिकेच्या हातात असतं. तरी प्रश्न इथेच येतो, कारण इथे कुणीतरी जागं आहे असं लोकांना वाटतं.

मग कुणीतरी नकाशा कापून आपल्या ग्रुपवर टाकतं. कापताना कोपऱ्यातली तारीख आणि वेळ जाते. तीन तासांचा इशारा तीन दिवस फिरत राहतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा लाल नकाशा आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. तो कुठल्या वर्षीचा होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून मी चित्र न कापता मूळ पोस्टच पुढे पाठवते.

मामाला मात्र पोस्ट पाठवून भागणार नव्हतं. मी सांगितलं, "मामा, तुरळक म्हणजे कमी पाऊस नव्हे. चार गावांतल्या फार तर एकावर पडेल, पण पडला तर कोसळेल."

तो जरा गप्प राहिला. मागे पडवीत कुणीतरी इरली हलवत असल्याचा आवाज येत होता.

"चारातलं आपलं कुठलं?"

"ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. उद्या रडार बघून सांगते."

"मग नदीकाठचं खाचर राहू दे. वरच्या बाजूने सुरू करतो. रेंज असेल तेव्हा कळव."

सकाळी सहाला रडारवर अलिबागच्या पश्चिमेला, समुद्रात, पिवळ्याच्या मधोमध लाल ठिपका दिसला. पुढच्या चित्रात तो किनाऱ्याकडे सरकला होता. मी मामाचा नंबर लावला.