दतिया गेट ते परासई : एका हवेलीची गोष्ट

झाशीच्या जुन्या तटाच्या दरवाजांपैकी दतिया गेट हा एक. त्याच्या परिसरात माझ्या महाविद्यालयीन मित्राचे घर आहे. अठराव्या शतकात मराठी अंमलाबरोबर बुंदेलखंडात आलेल्या घराण्यांना येथे ‘दक्षिणी’ म्हणतात. हे कुटुंब त्यांपैकीच. गेल्या कार्तिकात त्यांच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. काकूंचे मराठी जुन्या वळणाचे, काकांचे निम्मे बुंदेली. ताटातला वरणभात मात्र अगदी आपला.

किल्ला आणि राणी लक्ष्मीबाईंचा विवाह जेथे झाला ते गणेश मंदिर पाहून झाल्यावर काका म्हणाले, “आता आमची हवेली पाहायला चला.” मी वाड्याच्या कल्पनेने निघालो, प्रत्यक्षात ते होते गावाबाहेरचे शेत. पावसाळ्यात उताराच्या तोंडाशी मातीचा बांध घालून पाणी अडवायचे, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यायचे आणि उरलेल्या ओलीवर हरभरा किंवा गहू पेरायचा, ही बुंदेलखंडातील जुनी हवेली पद्धत. खरिपाचे पीक सोडावे लागते. पण मुरलेले पाणी खालच्या विहिरींना मिळते.

काकांचा बांध सांडव्याजवळ फुटलेला होता. दुरुस्ती का केली नाही, असे विचारताच ते म्हणाले, “जमीन बुडते माझी, पाणी चढते शेजाऱ्यांच्या विहिरींना. मग खर्च मी एकट्याने का करावा?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बबीना विकासखंडातील परासई येथे गेलो. परासई, छतपुर व बछौनी या तीन गावांच्या सुमारे 1,250 हेक्टर पाणलोटात झाशीच्या केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेने 2011 पासून इक्रिसॅटच्या सहकार्याने काम केले. फुटक्या हवेलीच्या बांधात पक्की भिंत घालून सांडवा बांधला, नाल्यांवर बंधारे घातले. विहिरींची पातळी सुमारे 2 ते 5 मीटरने वाढल्याची नोंद आहे. येथील ग्रॅनाइट आपल्या काळ्या पाषाणासारखाच कठीण. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात. म्हणूनच अडवलेल्या पाण्याचा परिणाम उथळ विहिरींत लवकर दिसतो.

तंत्राचा प्रश्न असा सुटतो. काकांचा प्रश्न मात्र उरतोच. त्याचे उत्तर आपल्याकडे पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीत सापडते. तेथे बंधाऱ्याची देखभाल ही लाभधारकांची सामाईक जबाबदारी मानली गेली. ज्याची जमीन पाण्याखाली जाते, त्याच्या बुडालेल्या हंगामाचा भार ज्यांच्या विहिरी भरतात त्यांनी वाटून घेतला, तरच बांध टिकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी जलसंधारणाचा आराखडा मांडण्यापूर्वी हा हिशेब ग्रामसभेत मांडावा.

परतीच्या वाटेवर मी काकांना फडाची रीत समजावून सांगितली. रात्री दतिया गेटच्या घरी जेवणे झाल्यावर त्यांनी वही काढली आणि आपल्या हवेलीखालच्या विहिरी व त्यांचे मालक एकेक करून लिहायला सुरुवात केली.